सहा लाख फोटो, चव्वेचाळीस फाइली आणि सांबराचा न जुळणारा हिशेब

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला समजेल. विदर्भात दोन हंगाम कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. ४० स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे, दर हंगामात ४५ दिवस. सहा लाखांच्या आसपास फोटो तीन हार्ड डिस्कवर पडलेत. नोंदींच्या ४४ एक्सेल फाइली आहेत, त्यांतल्या चारांच्या नावात 'फायनल' आहे. सांबराच्या स्वतंत्र नोंदी (अर्ध्या तासाच्या आतले फोटो एकच धरून) पहिल्या मसुद्यात २१४ होत्या, आता त्याच फाइलींतून १९७ निघतात. आणि नेमक्या याच वेळी तुमचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकाने डेटा आणि कोड मागितलाय. तुम्ही विचारता, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

सॉफ्टवेअरचं सांगते, पण त्याने हे दुखणं जाणार नाही. २१४ हा आकडा कुठून आला ते आज तुम्हालाच सांगता येत नाही, हे खरं दुखणं आहे. आपल्याकडे एकरभर जमीन घ्यायची तरी माणूस आधी सातबारा बघतो. आज नाव कुणाचं, आधी कुणाचं, मधे वाटणी झाली की विक्री, आणि प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक. तुमच्या २१४ लाही सातबारा नाही आणि १९७ लाही. कदाचित दोन्ही चूक असतील. परीक्षक मागतोय तो सातबाराच आहे, आणि त्याने मागितला नसता तरी पुढच्या वर्षी तुम्हालाच लागला असता.

पुढे सांगणार त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही एकटेच नोंदी भरता की चार जणं, डेटा तुमचा की वनविभागाचा, अभ्यास घनतेचा आहे की नुसत्या उपस्थितीचा, कॅम्पवर इंटरनेट येतं की झाडावर चढून एक कांडी मिळते, यावर पद्धत बदलते. मी ताडोबा आणि मेळघाटच्या बाजूला लहान गटांतच काम केलंय, कधी दोघं, कधी पाच. मोठ्या संस्थांचं गणित वेगळं. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ फोटो आले. त्यांत वाघाचे फोटो ७६,६५१. म्हणजे हजार फोटोंमागे जेमतेम दोन, दोनाच्या किंचित वर. तिथे फोटो वेगळे करायला, पट्टे जुळवायला खास प्रणाली लागते. तुमच्या सहा लाखांना तेवढा पसारा नको. फोटो सरासरी दोन एमबीचा धरला तर सगळं मिळून सव्वा टीबीच्या आत बसतं, आणि तेवढं आज कुठल्याही साध्या डिस्कवर मावतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन मुलं फोटोंनाच डेटा समजतात, मीही समजायचे. पण फोटो नसलेले दिवस हाही डेटा आहे, किंबहुना अर्धा डेटा तोच. समजा दोन स्टेशनांवर सांबराच्या बारा-बारा नोंदी आहेत. एकावर कॅमेरा पूर्ण ४५ रात्री चालला, दुसऱ्यावर अठराव्या रात्री अस्वलाने उपटला. पहिल्याचा दर शंभर रात्रींमागे साधारण २७, दुसऱ्याचा ६७. नोंदींची फाइल पाहून ही दोन स्टेशनं सारखीच दिसतात. फरक कळतो तो कॅमेरा कधी लागला, कधी निघाला आणि मधे केव्हा बंद होता, याच्या तक्त्यावरून. हा तक्ता तुमच्या ४४ फाइलींत कुठे आहे, असं मी विचारलं तर पाच मिनिटांत काढून दाखवाल का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून शंका येते.

म्हणून माझ्याकडे सगळ्या कामाचा पाया तीनच तक्त्यांवर असतो. पहिला तैनातीचा: स्टेशन, कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, लावल्याची आणि काढल्याची तारीख-वेळ, बंद पडल्याचा काळ. दुसरा फोटोंचा: कुठली फाइल, कुठल्या तैनातीतली, वेळ काय. तिसरा निरीक्षणांचा: त्या फोटोत कोण, किती, कुणी ओळखलं. कॅमेरा ट्रॅपच्या डेटासाठी 'कॅमट्रॅप डीपी' नावाचा जो खुला मानक साचा आहे, त्यातही नेमके हेच तीन तक्ते आहेत. तेव्हा रकान्यांची नावं स्वतःच्या मनाने ठेवण्यापेक्षा त्यातलीच घ्या. उद्या कुणाला डेटा द्यायचा झाला तर पुन्हा भाषांतर करत बसावं लागत नाही. आणि तीनांत एकच तक्ता नीट ठेवायला वेळ असेल तर तैनातीचा ठेवा. फोटो पुन्हा पाहता येतात. अठराव्या रात्री कॅमेरा बंद होता की जंगल शांत होतं, हे तीन वर्षांनी कुणालाही आठवत नाही.

या तक्त्याचा जन्म संगणकावर होत नाही, फील्डवर होतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक चुकाही तिथल्याच. आमच्याकडे एक साधी सवय आहे. कॅमेरा लावताना आणि काढताना पाटीवर स्टेशनचं नाव लिहायचं आणि जीपीएसचा वेळ दाखवणारा पडदा तिच्याशेजारी धरून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. त्या एका फोटोत जागा, खरी वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ तिन्ही एकत्र येतात. एका हंगामात एका स्टेशनवर अस्वल रोज दुपारी बाराला हजेरी लावत होतं. ऐन उन्हाळा, झाडाखाली माणूस उभा राहीना, आणि हे महाराज पाणवठ्यावर! मी त्यावर दोन पानं लिहूनही काढली होती. शेवटी पाटीचा फोटो पाहिला तेव्हा कळलं, घड्याळ बरोबर बारा तास पुढे होतं. त्या दोन पानांचं काय झालं ते विचारू नका.

बॅटऱ्या काढल्या की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ कारखान्यातल्या मूळ तारखेवर जातं. मग अर्धे फोटो खऱ्या वर्षातले आणि अर्धे कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीनंतरचे. हे दुरुस्त होतं, पण बॅटरी नेमकी केव्हा बदलली ते माहीत असलं तरच. मला एकदा वनरक्षकाच्या वहीने वाचवलं. 'नाल्याजवळचा कॅमेरा, शेल बदलले, ९.४०' एवढंच लिहिलं होतं त्यांनी, पण अकरा दिवसांचे फोटो त्या ओळीवर परत उभे राहिले. तेव्हापासून बीटवरच्या (वनरक्षकाच्या हद्दीतल्या) माणसांच्या वह्यांचेही मी फोटो काढून मूळ डेटासोबतच ठेवते.

वेळेचं प्रकरण इथे संपत नाही. ०३/०४/२०२३ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? कॅमेरा एक क्रम लिहितो, एक्सेल तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे दुसरा वाचतो. आपला हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे दोन्ही तारखा खऱ्या वाटतात आणि चूक लपून राहते. २०२३-०४-०३ असं वर्ष-महिना-दिवस लिहा, आणि रकाना मजकूर म्हणूनच साठवा. एक्सेलमध्ये तारखा मोजायच्या दोन पद्धती आहेत, १९०० पासूनची आणि १९०४ पासूनची. जुन्या मॅकवरची फाइल आणि विंडोजवरची फाइल एकत्र चिकटवली की तारखा १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने सरकू शकतात. आणि कधी रेडिओ कॉलरचा डेटा हाती आला तर आधी तो कुठल्या वेळेत आहे ते पाहा. जीपीएस कॉलर बहुधा जागतिक प्रमाणवेळ देतात, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. रात्री आठला निघालेला बिबट्या कागदावर भर दुपारी अडीचला फिरताना दिसतो.

जागेचंही तेच. २० अंश १५ मिनिटं म्हणजे दशांशात २०.२५. घाईत कुणीतरी २०.१५ लिहितं आणि स्टेशन अकरा किलोमीटर दक्षिणेला जातं. विदर्भात तर आणखी एक गंमत आहे. यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत, त्यात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात. त्यांतले ४३ आणि ४४ हे दोन पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर मिळतात, आणि ती रेघ विदर्भाच्या मधूनच जाते. मेळघाट ४३ मध्ये, ताडोबा ४४ मध्ये. ताडोबाचे आकडे ४३ चा पट्टा धरून नकाशावर टाकलेत तर तुमचा वाघ सहाशे किलोमीटर पश्चिमेला, नाशिक जिल्ह्यात पेठच्या आसपास उगवेल. ही चूक निदान डोळ्यांना दिसते, त्यामुळे मला तिची भीती नाही. पण टिपेश्वर अभयारण्यातून निघून ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलेल्या त्या कॉलरवाल्या वाघासारखा एखादा प्राणी दोन्ही पट्ट्यांतून चालत गेला की हिशेबात घोळ होतो. अक्षांश-रेखांश दशांशात साठवा. यूटीएममध्ये बदलायचं ते विश्लेषणाच्या वेळी, कोडमध्ये.

नावांचं सांगते, कारण २१४ आणि १९७ मधल्या तुमच्या सतरा सांबरांपैकी एखाददुसरं इथेही अडकलेलं असू शकतं. माझ्याकडे एका फाइलमध्ये नीलगायीची सहा रूपं सापडली होती: नीलगाय, निलगाय, रोही, रोहि, इंग्रजीतलं एक, आणि तेच इंग्रजी पण शेवटी रिकामी जागा असलेलं. संगणकाच्या लेखी सहा प्राणी. देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे तो 'ऱ्य'चा. 'दऱ्या' हा शब्द दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी टाइप होतो. पडद्यावर अगदी सारखा दिसतो, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मोबाइलवर भरलेलं नाल्याचं नाव लॅपटॉपवर भरलेल्या नावाशी जुळेना म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या याद्या तर उघडल्या की नुसती अक्षरांची रांगोळी दिसते. त्यामुळे स्टेशनला आणि प्रजातीला एक छोटा, ठरलेला संकेत द्या आणि विश्लेषण फक्त त्यावर करा. मराठी नाव शेजारच्या रकान्यात खुशाल ठेवा. बीटवरच्या लोकांशी बोलताना तेच लागतं. पण जोडणी त्यावर करू नका. आणि प्रजातीचा रकाना टाइप करू देऊच नका, यादीतून निवडायला लावा.

आता फाइलींच्या व्यवस्थेकडे. नियम एकच आहे, आणि त्याबाबतीत मी हट्टी आहे: मूळ डेटाला हात लावायचा नाही. कार्डावरून जसं आलं तसं एका फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवायचं. चूक दिसली तरी तिथे दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती लिहायची ती वेगळ्या तक्त्यात: कुठली ओळ, जुनी किंमत काय, नवी काय, कुणी बदललं, का, कधी. ही तुमची फेरफार वही. कोड मूळ तक्ता वाचतो, त्यावर फेरफार लावतो आणि स्वच्छ तक्ता दरवेळी नव्याने तयार करतो. स्वच्छ तक्ता उडाला तरी हरकत नाही, दोन मिनिटांत परत बनतो. तुमच्या चार 'फायनल' फाइली झाल्या त्या ही वही नसल्यामुळे. कुणीतरी एका फाइलमध्ये चूक दुरुस्त केली, दुसऱ्याने जुनी प्रत उघडली, आणि दोघंही प्रामाणिक होते.

कार्ड उतरवून घेताना आणखी एक. कॅमेरा फाइलींना ०००१ पासूनच क्रमांक देतो, म्हणजे प्रत्येक कार्डावर त्याच नावाची फाइल असते. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली आणि संगणकाने 'बदलू का?' विचारल्यावर थकलेल्या माणसाने 'हो' दाबलं की एक कार्ड संपलं. रात्री साडेअकराला हा 'हो' मी स्वतः दाबलेला आहे. प्रत्येक तैनातीला वेगळं फोल्डर हवं, आणि फाइलच्या नावात स्टेशन, कॅमेरा, तारीख-वेळ आणि मूळ क्रमांक. नाव बदलायचं काम हाताने करू नका. आर भाषेतलं 'कॅमट्रॅपआर' हे पॅकेज ते करतं आणि प्रत मूळापासून वेगळी ठेवतं. उतरवल्यावर चेकसम काढून ठेवा. तो फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. डिस्कवरून डिस्कवर नेताना एखादी फाइल बिघडली तर ठसा जुळत नाही आणि लगेच कळतं. कार्ड पुसायचं ते दोन प्रती झाल्यावर आणि ठसे जुळल्यावरच.

तुमच्या तीन डिस्कवर काय आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही. एकच डेटा तीनदा असेल तर उत्तम. पहिला हंगाम एकीवर, दुसरा दुसरीवर आणि उरलेलं तिसरीवर असेल, तर तुमच्याकडे प्रत शून्य आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या गावात. तिन्ही डिस्क एकाच सॅकमध्ये घालून एसटीने प्रवास करणारे संशोधक मी पाहिलेत. त्या तीन प्रती नसतात, ती एकच असते.

सहा लाख फोटोंपैकी निम्म्याहून जास्त गवत हलल्याचे असतील, हे न पाहता सांगते. वारा सुटला की एकेक कॅमेरा तीन दिवसांत कार्ड भरून टाकतो. इथे यंत्राची मदत जरूर घ्या. 'मेगाडिटेक्टर' फुकट आहे. तो फोटोत प्राणी, माणूस की वाहन आहे एवढंच सांगतो, प्रजाती सांगत नाही, आणि रिकामे फोटो बाजूला काढायला तेवढं पुरतं. मात्र दोन गोष्टी लिहून ठेवा: कुठली आवृत्ती वापरली आणि खात्रीची मर्यादा किती धरली. मर्यादा ०.२ ची ०.५ केली तर लहान, दूरचे, फ्रेमच्या कोपऱ्यातले प्राणी गळतात आणि तुमचे आकडे बदलतात. यंत्राने 'रिकामे' ठरवलेल्यांतले हजारभर फोटो चिठ्ठ्या टाकून निवडा आणि स्वतः बघा. त्यांत किती प्राणी निघाले तो आकडा शोधनिबंधात द्या. हे न करता 'एआयने वर्गीकरण केले' असं लिहिलेले निबंध माझ्याकडे तपासायला येतात, आणि मी पहिला प्रश्न हाच विचारते. बिबट्या-वाघांच्या ठिपक्या-पट्ट्यांवरून ओळख पटवताना दोघांनी स्वतंत्रपणे निर्णय घ्यावा. जिथे दोघांचं जुळलं नाही ते फोटो खोडू नका, 'मतभेद' म्हणून नोंदवा.

आता एक्सेल. मी त्याची शत्रू नाही, फील्डवर नोंदी भरायला ते चालतं. पण त्याच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या प्रकारच्या फाइलीत फक्त ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या जवळपास १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी या जुन्या मर्यादेपायी मोजणीतून गळल्या होत्या. तुमचा फोटोंचा तक्ता आज सहा लाख ओळींचा आहे, आणखी एका-दोन हंगामांत तुम्हीही मर्यादेवर पोचाल. एक्सेल आपल्या मनाने मजकुराच्या तारखा करतं, त्या त्रासापायी जनुकशास्त्रज्ञांना २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलावी लागली. स्टेशनला 'मार्च-१' सारखा दिसणारा संकेत देऊ नका, एवढा धडा आपल्याला पुरे. साठवण सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलीत) करा आणि हिशेब आर किंवा पायथनमध्ये. एकाच वेळी तीनपेक्षा जास्त लोक नोंदी भरू लागले तर खरा डेटाबेस लागेल. दोघांसाठी पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस उभारणं म्हणजे चहाला कढई चढवणं.

तेव्हा सॉफ्टवेअरचं उत्तर असं: आर, कॅमट्रॅपआर, सीएसव्ही आणि एक साधी 'वाचा आधी' फाइल. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, येत असेल तर कोडसाठी वापरा. फोटो त्यात टाकू नका, गिटचा कोड ठेवायचं संकेतस्थळ गिटहब तर १०० एमबीवरची फाइलच घेत नाही. गिट येत नसेल तर परीक्षकाला उत्तर द्यायच्या पंधरवड्यात शिकायला बसू नका. तारीख घातलेली फोल्डरं आणि बदलांची वही यांवर मी कित्येक वर्षं काढली आहेत.

कोड आहे म्हणजे काम पुन्हा करता येतं असं मात्र समजू नका. माझा एक जुना कोड होता, त्यात यादृच्छिक निवडीचं बीज ठरवून दिलेलं, म्हणजे दरवेळी तेच उत्तर यायला हवं. नव्या लॅपटॉपवर वेगळं आलं. मी दोन दिवस स्वतःला दोष देत होते. कारण हे, की २०१९ मध्ये आरच्या ३.६.० आवृत्तीत नमुना निवडायची आतली पद्धत बदलली. पुढे ४.०.० मध्ये मजकुराचे रकाने वाचण्याची सवय बदलली, आणि २०२३ मध्ये नकाशांच्या कामासाठी आपण सगळे वापरत होतो ती 'आरजीडाल' सारखी पॅकेजं निवृत्त झाली. म्हणून कोडसोबत आवृत्त्यांची यादीही ठेवायची. 'आरएन्व्ह' हे पॅकेज ते काम जवळजवळ आपोआप करतं. आणि मधल्या टप्प्यांचे तक्तेही साठवा. दहा वर्षांनी कोड नाही चालला तरी स्वच्छ तक्ता सीएसव्हीत उघडेलच.

परीक्षकाला काय द्यायचं हा तुमच्या प्रश्नातला नाजूक भाग. आधी परवानगीपत्र काढून वाचा. वनविभागाच्या परवानगीत डेटाबद्दल अटी असतात आणि प्रत्येक पत्रातल्या सारख्या नसतात. परवानगी आहे असं धरलं तरी वाघ-बिबट्यांच्या नेमक्या जागा उघड्यावर टाकू नका. २०१३ मध्ये पन्नाच्या कॉलरवाल्या वाघाचा ठावठिकाणा ज्या ईमेलवर येत होता, त्यात शिरायचा प्रयत्न झाल्याची बातमी आली होती. तेव्हा ही भीती हवेतली नाही. पण जागा लपवल्या तर घनतेचा हिशेब कसा तपासणार? त्यासाठी मी सगळ्या स्टेशनांचे निर्देशांक एकाच गुप्त अंतराने सरकवते आणि एका गुप्त कोनातून फिरवते. स्टेशनांमधली अंतरं तीच राहतात, आणि साध्या अवकाशीय मॉडेलला लागतात ती अंतरंच, त्यामुळे उत्तर तेच येतं. यात एक फट आहे. तुम्ही सोबत अभयारण्याच्या हद्दीचा नकाशा किंवा जंगलाचा रास्टर (चौकटी-चौकटींचा नकाशा) दिलात तर आकारावरून कुणीही सरकवणं उलट मोजू शकेल. तेव्हा प्रत्येक बिंदूचे काढलेले आकडे द्या, नकाशा देऊ नका. खरे निर्देशांक संपादकाने मागितले तर त्यांना वेगळे, गोपनीय म्हणून दाखवता येतात. उरलेला डेटा आणि कोड 'झेनोडो' या संशोधन-डेटाच्या खुल्या संग्रहावर ठेवा. तो सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, पैसे लागत नाहीत आणि कायमचा डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, मिळतो.

माणसांचे फोटो कुणालाच द्यायचे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मेमध्ये तेंदूपत्त्याला पहाटे निघालेल्या बाया तुमच्या कॅमेऱ्यात हमखास असतील. त्यांनी तुमच्या अभ्यासाला संमती दिलेली नाही. 'माणूस: १' एवढी नोंद ठेवा आणि फोटो वाटपाच्या प्रतीतून काढा. मेगाडिटेक्टर माणसं वेगळी काढतो, त्याचा खरा उपयोग मला इथे जास्त वाटतो.

आता तुमचे ते सतरा सांबर. मी तुमच्या जागी असते तर तीन ठिकाणी शोधले असते. पहिलं, मोजणी कॅमेऱ्याप्रमाणे झाली की स्टेशनप्रमाणे? समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांनी टिपलेलं एकच सांबर कॅमेऱ्याप्रमाणे मोजलं तर दोन होतं. दुसरं, त्या जोडीतली घड्याळं जुळतात का? एक चाळीस मिनिटं पुढे असेल तर स्टेशनप्रमाणे मोजूनही तेच सांबर अर्ध्या तासाच्या नियमाने दोनदा येतं. पाटीचे फोटो असतील तर हे एका दुपारचं काम आहे.

तिसऱ्यावर माझा जास्त संशय आहे. 'स्वतंत्र नोंद म्हणजे तीस मिनिटांचं अंतर' असं सगळेच लिहितात, पण अंतर कशापासून मोजायचं ते लिहीत नाहीत. पाणवठ्यावर सांबरांचा कळप संध्याकाळी सहापासून आठपर्यंत रेंगाळला आणि दर दहा मिनिटांनी फोटो आला असं समजा. मागच्या फोटोपासून अंतर मोजलं तर ती एकच नोंद. मागच्या मोजलेल्या नोंदीपासून मोजलं तर सहा, साडेसहा, सात, साडेसात, आठ अशा पाच. कॅमट्रॅपआर हे दोन पर्याय वेगवेगळे देतं आणि निवडायला लावतं. एक्सेलमध्ये हाताने मोजताना माणूस आज एक धरतो, सहा महिन्यांनी दुसरा. तुमचे पाणवठ्यावरचे स्टेशन आधी काढा, दोन्ही नियमांनी मोजा आणि फरक बघा. तो सतराच्या जवळ आला तर कुठला नियम का निवडला ते एका वाक्यात लिहून परीक्षकाला दोन्ही आकडे पाठवा. नाही आला तर तैनातीचा तक्ता आणि एका जोडीचे पाटीचे फोटो मला दाखवा, घड्याळांकडे बघू.